निवळत्या पाण्यातला तंगूस

काल सकाळी वैनीचा फोन आला. खास काही नव्हतं. गुडघा दुखतोय, सोयाबीन काढायला माणूस मिळेना, शेजारच्या सुनेला मुलगी झाली, असं सगळं सांगून झालं आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "वन्सं, तिसरी पायरी दिसाय लागली बगा." मी इथं वडूजला, माझ्या स्वयंपाकघरात, हातात अर्धी मोडलेली गवारीची शेंग घेऊन उभीच राहिले.

आमचं माहेर पलूसच्या खाली, कृष्णाकाठी. पावसाळाभर आमची नदी जास्त दूध घातलेल्या चहासारखी असते. नवरात्र उलटलं की गाळ हळूहळू खाली बसायला लागतो आणि नदी निवळते. निवळते हा शब्द मला फार आवडतो. ताप उतरलेल्या माणसाचे डोळे निवळतात, तापलेलं भांडण निवळतं, तशीच नदी. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली आत आत उतरत गेल्यात. त्यातली एक दिसायला लागते, मग दुसरी. माझा थोरला भाऊ फौजेतून हवालदार होऊन घरी आला, त्याला आम्ही दादा म्हणतो. त्याचं गळ टाकायचं सगळं शास्त्र त्या पायऱ्यांवर. पाण्यातली एकच पायरी दिसत असेल तर गळाला जाड तंगूस, पन्नासचा. दुसरी दिसली की चाळीस. तिसरी दिसली की पंचवीस, अगदी केसासारखा.

तंगूस म्हणजे गळाला बांधतात तो नायलॉनचा दोरा. माहीत नसेल त्याच्यासाठी सांगते, गढूळ पाण्यात माशाला दोरा दिसत नाही, म्हणून जाड चालतो आणि तुटायची भीती नसते. पाणी निवळलं की मासा शहाणा होतो. जाड दोरा बघतो आणि तोंड फिरवून जातो. म्हणून बारीक घ्यायचा, तर मासा लागतो खरा, पण जरा हिसका बसला की दोरा तुटतो. म्हणजे पाणी चांगलं असेल तेव्हाच हातात तुटणारी वस्तू घेऊन बसावं लागतं. मी लहानपणी दादाच्या मागं गांडुळांचा डबा घेऊन हिंडायचे तेव्हा यात काही विशेष आहे असं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

पलीकडच्या वर्षी याच दिवसांत मी माहेरी होते. माहेरपणाला नव्हे. दादाचं पोटाचं ऑपरेशन मिरजेला झालेलं, जखम भरलेली, टाके काढलेले, आणि माणूस जेवत नव्हता. घास तोंडात घ्यायचा, धरून ठेवायचा, आणि हळूच रुमालात काढायचा. "माती लागतीया," एवढंच म्हणायचा. वैनीनं काय काय करून बघितलं. भाकरी दुधात कुस्करली, मुगाची खिचडी केली, आंबोळ्या केल्या, त्याला फौजेत आवडायची म्हणून खिरीत बेदाणे घातले. सगळ्याची मातीच.

तुम्ही कधी अशा घरात राहिला असाल तर तुम्हाला कळेल. सगळ्या घराचे कान एका ताटाकडं असतात. मी पडवीत धान्य निवडत बसायचे आणि आतून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला की हात थांबायचा. आता चावल्याचा आवाज यावा म्हणून वाट बघायची. मग वाटी खाली ठेवल्याचा आवाज. मग वैनीच्या काकणांचा आवाज, ताट उचलताना.  मोरीत ती ताट घासायची, ते इतक्या जोरात की कल्हई उडावी.

डॉक्टर चांगला होता, तरणा, समजुतीनं बोलायचा. तो म्हणाला, जखमेचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. सोमवारपर्यंत नाही गेलं तर दवाखान्यात ठेवून घेऊन नाकातून नळी घालावी लागेल. दादा खुर्चीत बसला होता, शर्ट त्याच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा. तो शांतपणे म्हणाला, "नळी घालून घेनार न्हाई. घरीच पडतो." आवाज चढवला नाही की काही नाही. डॉक्टरला वाटलं, पेशंट जरा रुसलाय. आम्हा दोघींना माहीत होतं की हा माणूस बोललेलं बदलत नाही. त्याचा पोरगाही फौजेत, तिकडं बर्फात. फोनवरून "बाबा, ऐका ना" म्हणून रडला, तर दादानं त्यालाच धीर दिला आणि फोन ठेवला.

इथं वडूजकडं नदीचं फार कौतुक नाही. आमची येरळा येते तेव्हा लोक पुलावर बघायला जातात, आणि घरी येऊन चहा पिऊस्तवर ती गेलेली असते. या कोरड्या मुलखात नांदून मी म्हातारी झाले. पण रात्री हात उशाखाली गेला की बोटावर दोरा धरल्यासारखं वाटतं अजून. गळ टाकला की दोरा पहिल्या बोटावरून सोडायचा, ताणायचा नाही, नुसता टेकवायचा. पाण्याखाली काय चाललंय ते त्या बोटाला कळतं. चिलापी असली तर टुकटुक करते, भिकारी दार वाजवतो तशी. रोहू मात्र आधी दोरा जड करतो. कुणीतरी पलीकडून हात ठेवल्यासारखा.

शनिवारी सकाळी दादा खिडकीकडं तोंड करून पडला होता. बाजारातून आणलेल्या माशाचा रस्सा त्यानं आदल्या दिवशी नुसता हुंगून सरकवला होता. "तळ्यातला हाय," म्हणाला होता. खरंच तळ्यातला होता. आणि त्या सकाळी तो कुणाकडं न बघता म्हणाला, "नदीचा रोहू असता तर बगितलं असतं."

बस, तेवढंच. पण कितीतरी दिवसांत त्यानं कशाचं तरी नाव घेतलं होतं. वैनी दारात होती, मी तिच्या मागं. आम्ही एकमेकींकडं बघितलं.

भोयांच्या आळीत विचारलं तर त्यांनी जाळी काढून ठेवलेली. वर परतीचा पाऊस लागलाय, धरणातनं कधीही पाणी सोडतील, म्हणून कुणी नदीत उतरायला तयार नव्हतं. वैनीनं त्यांना हातापाया पडून विनवलं नाही. घरी आली आणि म्हणाली, "काईल आपली हाय." काईल म्हणजे गुळाची मोठी लोखंडी कढई. आमचं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हापासून ती नदीवर आहे. पलीकडच्या काठाला आमचा ऊस, वैनी नवी नवरी असल्यापासून त्या काईलीत गवताचे भारे घालून नदी ओलांडत आलेली. वल्ही मारावी तर तिनंच. म्हणजे नाव तिची, गळ माझा.

राहिला तंगूस. दादाच्या पिशवीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांवर गुंडाळलेले दोरे होते. चाळीसचा चांगला होता. पंचवीसचा उन्हानं कडक झालेला. वैनी औषधाला पलूसला निघालीच होती, तिला म्हटलं, येताना पंचवीसचा नवा आणा, बारीक लागतो. आता माझी वैनी म्हणजे उभी हयात शिलाई मशीनवर बसलेली बाई. शिवायच्या दोऱ्यात चाळीस नंबर जाड आणि साठ नंबर बारीक, जेवढा नंबर मोठा तेवढा दोरा नाजूक. तंगुसाचं बरोबर उलटं. तिला वाटलं, वन्सं राहतात कोरड्या गावात, यांना काय कळतंय, पंचवीस म्हणजे पोती शिवायचा सुतळा असणार. तिनं स्वतःच्या हुशारीनं दुकानात साठ मागितला आणि वर दुकानदाराला बजावलं, त्याहून बारीक असला तर बघ.

संध्याकाळी तिनं तो पिशवीतून काढला.

"वैनी, ह्यो बारीक व्हय?"

"साठ हाय त्यो. साठ म्हंजे बारीकच असतोय."

"ह्याला म्हस बांधता यील."

ती कबूल झाली नाही. म्हणाली, उलट बरं, तुटणार तरी नाही. दुसरा दिवस रविवार, दुकान बंद, आणि सोमवार तर डॉक्टरचा. मी रात्री दिव्याखाली जुना पंचवीस वीतवीत करून तपासला. दोन बोटांना वेढा देऊन झटका द्यायचा. तुटला की तेवढा भाग टाकून पुढचा घ्यायचा. शेवटी भरवशाचा तुकडा राहिला तो दीड-दोन हात. मी ठरवलं, वर चाळीस आणि गळाजवळ हा बारीक जोडायचा. माशाला खालचाच दिसतो.

रविवारी उजाडताच निघालो. दादाला सांगितलं, मळ्यात जातोय. घाटावर मी पाण्यात बघितलं. तिसऱ्या पायरीवरची शेवाळाची कड न् कड दिसत होती. एरवी डोळे निवले असते. त्या दिवशी मी पिशवीतला तो दीड-दोन हातांचा तुकडा चाचपून बघितला.

नदीत आमच्या उसाच्या बाजूला पाणी उपसायची जॅकवेल आहे, पाण्यात उभी असलेली काँक्रीटची उंच विहीर. तिच्या बुडाशी डोह आहे आणि रोहू तिथंच असतो. वैनीनं काईल तिथं नेली आणि जॅकवेलच्या लोखंडी शिडीला दोरखंड बांधला. कणीक आणि शेंगदाण्याच्या पेंडेचा गोळा मी मळून आणला होता. वैनी म्हणाली, आधी साठ लावा. मी तिचं मन मोडलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही बारकाची भीतीच वाटत होती.

गळ पाण्यात गेला. पाणी इतकं स्वच्छ की दोरा खाली जाताना दिसत राहिला, वाळत घालायच्या दोरीसारखा. खालून एक काळसर पाठ आली, दोऱ्याच्या वीतभर अलीकडं थांबली, आणि वळून गेली. मग दुसरी आली, तीही तशीच वळली. दादा ताटासमोर असंच करायचा. मी ते तोंडानं म्हटलं नाही, पण वैनीनं मान फिरवली, म्हणजे तिलाही तेच दिसलं असणार.

मी साठ गुंडाळला, चाळीस काढला. चाळीसला चिलाप्या आल्या. टुकटुक, टुकटुक, कणीक खाऊन पसार. ऊन वर यायला लागलं. वैनी घमेल्यानं काईलीतलं पाणी बाहेर टाकत होती आणि एकसारखी गावाकडं बघत होती. मी तो जपून ठेवलेला बारीक तुकडा चाळीसला जोडला. गाठ ओठात धरून ओली केली, मग आवळली. कोरडी आवळली की दोरा स्वतःच्याच गरमीनं कच्चा होतो, दादानंच शिकवलेलं.

आणि बोटावर तो हात ठेवल्यासारखा जडपणा आला.

मी ओढला. मासा लागला. दोरा हातातून असा सुटला की बोट भाजलं. काईल गोल असते, तिला पुढं नाही की मागं नाही, ती दोरखंडाभोवती गरागरा फिरायला लागली. मला ढील द्यायची होती, देत होते, पण वैनी काईलीचा काठ धरून ओरडली, "आगं वड, जातोय त्यो." एवढ्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदा अगं म्हटलं असेल. मी ओढला. टच्च. दोरा एकदम हलका झाला, इतका की मी मागं बसले.

मी तुटका दोरा वर घेतला. मग वैनी म्हणाली, "म्हनत न्हवते, जाड लावा?" मी म्हटलं, तुमी ओढायला लावलंत. ती म्हणाली, मासा माझ्या हातात होता का? भर नदीत, कढईत बसून, दोन म्हाताऱ्या तुझं-माझं करत होत्या. आणि बारीक तंगूस उरला होता हातभर, गाठ मारली तर तेवढाही नाही.

तेवढ्यात वैनी चूळ भरायला वाकली. तिनं हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. "वन्सं," ती हळू म्हणाली, "काकनं दिसंनात." मी बघितलं. कोपरापर्यंत हात पाण्यात होता, आणि मनगटावरची हिरवी काकणं धुरकट झालेली. सकाळी दोरा खालपर्यंत दिसत होता तिथं आता हातही धड दिसत नव्हता. शिडीकडं बघितलं. सकाळी उघडी असलेली पायरी पाण्याखाली गेली होती. तिच्या कमरेचा फोन वाजला. शेजारचा पोलीस पाटील होता, सांगत होता की वरून पाणी सोडलंय, गावात भोंगा झालाय, नदीत कुणी असेल तर निघा.

मी दोरे गोळा करायला घेतले. मला वाटलं संपलं. जीव आहे तर उद्या आहे, असं काहीबाही मी पुटपुटले. पण वैनी दोरखंड सोडेना. सगळी सकाळ जी बाई जाडच लावा, जपून, म्हणत होती, ती पाण्याकडं बघून म्हणाली, "आता गढूळ हाय. आता जाड दिसनार न्हाई त्याला. टाका."

तिचं म्हणणं बरोबर होतं. नवं पाणी शिरताना मासा खायला उठतो, आणि आता त्याला चाळीस दिसणार नव्हता. पण ते पाणी आमच्याही खाली शिरत होतं. काईल दोरखंडाला हिसके द्यायला लागली होती.

"वैनी, बुडू."

"उद्या सोमवार हाय, वन्सं."

मी चाळीसला सरळ गळ बांधला. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. कणकेचा उरला तेवढा गोळा लावला आणि जॅकवेलच्या भिंतीलगत सोडला. बोटावर दोरा टेकवला. पाण्याचीच ओढ इतकी होती की काही कळेना. पालापाचोळा यायला लागला, उसाची चिपाडं यायला लागली. शिडीची आणखी एक पायरी गेली. वैनी दोरखंडाच्या गाठीवर हात ठेवून बसली होती, सोडायच्या तयारीत. ती माझ्याकडं बघत नव्हती, फक्त माझ्या बोटाकडं.

दोरा जड झाला.

या वेळी ती काही बोलली नाही. मी ढील दिली, तो खाली गेला, मी हळू घेतला, तो परत गेला. किती वेळ ते चाललं, सांगता येत नाही. काईल फिरत होती, गाव एकदा उजवीकडं दिसायचं, एकदा डावीकडं. मग पाण्यावर एक लालसर पाठ आडवी झाली, आणि वैनीनं घमेलं खाली सरकवून त्याला पाण्यासकट आत घेतला. ती गाठ सोडत होती तेव्हा मी माशावर आडवी पडले होते, लुगड्यासकट. परत येताना तिनं वल्ही कशी मारली ते तिलाच ठाऊक. घाटाला लागलो तेव्हा सकाळी जिथं चपला काढल्या होत्या, तिथं पाणी होतं.

रस्सा साधाच केला. हळद, चिंच, ठेचलेला लसूण, तिखट नावाला. दादाला उशा लावून बसवलं, ताट दिलं. त्यानं वास घेतला. मग विचारलं, "कशावर लागला?"

मी म्हटलं, चाळीसवर.

"खोटं. ह्या दिसांत तिसरी पायरी दिसत असतीया, चाळीसवर रोहू लागत न्हाई."

वैनी म्हणाली, ती पहिल्यापासून जाड लावा म्हणत होती, यांनीच बारीक लावून मोठा मासा घालवला. मी म्हटलं, बारीक होता म्हणूनच मोठा लागला. दादा भात कालवत होता. "तुटला कसा?" म्हणाला. "वडला असशील." मी म्हटलं, वैनीनं ओढ म्हणून सांगितलं. "आन् तू ऐकलंस? मासा धरलाय कुनी, तू का हिनं?" आणि बोलता बोलता, रागानं, त्यानं घास तोंडात घातला. चावला. मी त्याच्या गळ्याकडं बघत होते. घाटी वर झाली आणि खाली गेली.

मी भांडायचंच विसरले. पण वैनी माझ्याहून हुशार. तिनं श्वाससुद्धा घेतला नाही, लगेच म्हणाली, "वन्संचा हात जडच हाय मुळातनं. लहानपनीसुदिक अशाच तोडायच्या."

"तवा तू कुटं हुतीस?" दादा म्हणाला, आणि दुसरा घास.

मला कळलं. मग आम्ही थांबलो नाही. गाठ कोरडी आवळावी की ओली, शिसं किती लावावं, पेंड ताजी की शिळी, काईलीतून ढील देता येते की काठावरूनच. वैनी कमरेवर हात ठेवून भांडत होती आणि डोळे पदरानं पुसत होती, मसाल्याचं निमित्त करून. दादा एकेका मुद्द्याला उत्तर देत होता, उत्तराआधी एक घास, जसा वकील पाणी पितो. मध्येच विषय संपला.  त्याचा हात ताटात थांबला, आणि मला भीती वाटली की आता त्याला चव आठवेल, माती आठवेल. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी माझ्या तोंडून उभ्या जन्मात गेलं नसतं असं वाक्य बोलले.

"दादा, मला वाटतं जाडी-बारकीचं काई नसतंच. मासा रंगावरनं दोरा वळखतोय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्याला पाण्यात ढकललंय. ताट वैनीपुढं सरकवलं.

"वाढ," म्हणाला. "हिला आता पयल्यापास्नं सांगाय लागनार."